फ्रेंच लघुरूपं मराठीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा: फ्रेंचची बी-टू पातळी झाली आहे, कागदपत्रांच्या भाषांतराची कामं मिळू लागली आहेत, वाक्यं अडत नाहीत पण लघुरूपं अडतात. तीन अक्षरं शोधावीत तर दहा फुल फॉर्म निघतात. त्यातला कुठला धरायचा, मराठीत फ्रेंच अक्षरं ठेवायची की इंग्रजी, आणि काहीच पत्ता लागला नाही तर काय करायचं?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो. पत्ता लागला नाही तर अक्षरं जशीच्या तशी ठेवा, टीप द्या, काम देणाऱ्याला विचारा. अंदाजाने फुल फॉर्म लिहू नका. न सोडवलेलं लघुरूप वाचणाऱ्याला अडवतं, तो निदान चौकशी तरी करतो. चुकीचा फुल फॉर्म कुणालाच अडवत नाही. तो स्वच्छ मराठीत छापलेला असतो आणि पुढचा माणूस त्यावर सही करून मोकळा होतो.

आता ‘कुठला धरायचा’. याचं उत्तर अक्षरांत नसतं. कागद कुठल्या धंद्यातला, कुठल्या देशातला आणि कुठल्या सालातला, एवढं कळलं की बहुतेक फुल फॉर्म आपोआप गळतात. हे ऐकायला सोपं वाटतं, पण नवीन माणूस नेमकं उलटं करतो: आधी अक्षरं इंटरनेटवर टाकतो, जो अर्थ पहिला येईल तो घेतो आणि मग कागद त्या अर्थात बसवायला बघतो. यंत्रभाषांतराचाही कल बहुधा सर्वांत प्रचलित अर्थाकडेच असतो.

(एक खुलासा. खाली लघुरूपं आपण मराठीत एरवी म्हणतो तशी लिहिली आहेत: सीए, पीएसी, आरईपी. फ्रेंच माणूस ती वेगळी उच्चारतो, त्याबद्दल पुढे.)

जैतापूरचंच घ्या. राजापूर तालुक्यात माडबनला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा ‘ईपीआर’ अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. फ्रान्सची वीज कंपनी ईडीएफ आणि आपलं अणुऊर्जा महामंडळ यांच्यात २०१८ मध्ये त्याबाबत करार झाला, २०२१ मध्ये ईडीएफने तांत्रिक-व्यावसायिक देकार दिला. या विषयावरचं फ्रेंच साहित्य मराठीत आणायला घेतलंत तर पहिल्या-दुसऱ्या पानावरच ‘आरईपी’ भेटेल. अक्षरं तीच, क्रम वेगळा. फ्रेंचमधलं ‘ओटीएएन’ म्हणजे आपलं नाटो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, त्यामुळे हात शिवशिवतो: अक्षरं फिरवून ‘ईपीआर’ लिहून टाकावं.

इथे ते चूक आहे. आरईपी म्हणजे दाबाखालच्या पाण्यावर चालणारी अणुभट्टी, इंग्रजीतली पीडब्ल्यूआर. तो एक प्रकार झाला, आणि फ्रान्समधल्या वीज बनवणाऱ्या सगळ्या ५७ अणुभट्ट्या याच प्रकारातल्या आहेत. ईपीआर हे त्या प्रकारातल्या एका नव्या नमुन्याचं नाव. नॉर्मंडीतल्या फ्लामाँव्हिलची ईपीआर डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली गेली. ती आरईपी आहेच, पण बाकीच्या ५६ आरईपींपैकी एकही ईपीआर नाही. म्हणजे ‘आरईपीचा तीस-चाळीस वर्षांचा अनुभव’ या फ्रेंच वाक्याचं ‘ईपीआरचा तीस-चाळीस वर्षांचा अनुभव’ असं मराठी झालं, तर जी अणुभट्टी गेल्या काही वर्षांतच चालू झाली आहे तिला तुम्ही चार दशकांचा इतिहास बहाल केलात. ज्या गावात या प्रकल्पावरून आंदोलनं झाली तिथे हे वाक्य कसं वाचलं जाईल याचा विचार करा.

आणि तरीही आरईपीचा ईपीआर होतो. कधी? कागद कचऱ्याचा असेल तेव्हा. वस्तू बनवणाऱ्यानेच तिच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, या तत्त्वाला फ्रेंचमध्ये आरईपी म्हणतात आणि इंग्रजीत ईपीआर. आपल्याकडे २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ते आहे आणि २०२२ मध्ये त्याची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वं आली. प्लास्टिकच्या धंद्यातला कुठलाही कारखानदार ‘ईपीआरचं रजिस्ट्रेशन’ असंच बोलतो, ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ हे शासकीय मराठी त्याच्या तोंडी येत नाही. फ्रान्समध्ये २०२० च्या कचराविरोधी कायद्याने ही जबाबदारी आणखी बऱ्याच वस्तूंवर आली, त्यामुळे तिथल्या कंपन्यांच्या अहवालांत हा आरईपी जागोजागी असतो. तिसरा आरईपी शिक्षणखात्यातला: गरीब वस्त्यांतल्या ज्या शाळांना जादा शिक्षक आणि जादा निधी मिळतो, त्यांचं जाळं. एकाच फ्रेंच नगरपालिकेच्या वार्षिक अहवालात कचऱ्याचा आरईपी आणि शाळांचा आरईपी काही पानांच्या अंतराने येऊ शकतात. म्हणून पहिल्या ठिकाणी अर्थ लावला आणि सगळीकडे ‘रिप्लेस ऑल’ केलं, असं करू नका.

या तिन्हींना वेगळं करायची एक किल्ली फ्रेंच भाषाच हातात देते, ती म्हणजे आर्टिकल, नामाआधी येणारा ‘ल’ (पुल्लिंगी), ‘ला’ (स्त्रीलिंगी) किंवा ‘ले’ (अनेकवचनी). लघुरूपाचं लिंग त्यातल्या मुख्य नामावरून ठरतं. ‘जबाबदारी’ फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला आरईपी’. अणुभट्टी आणि जाळं दोन्ही पुल्लिंगी, म्हणून ‘ल आरईपी’. आर्टिकल बघितलं की कचरा बाजूला झाला, उरलेल्या दोघांत कुणी गोंधळत नाही. ‘ल आरडीसी’ म्हणजे इमारतीचा तळमजला, ‘ला आरडीसी’ म्हणजे काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक. ‘ल जेओ’ म्हणजे सरकारी राजपत्र, ‘ले जेओ’ म्हणजे ऑलिंपिक. ‘ला पीएमए’ म्हणजे वैद्यकीय मदतीने गर्भधारणा, ‘ले पीएमए’ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या भाषेतले सर्वांत कमी विकसित देश. आपल्याला लिंगभेद नवा नाही, पण इंग्रजीतून फ्रेंच शिकलेल्यांची नजर आर्टिकलवरून घसरते असं मी फार पाहिलं आहे.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. पीएसी घ्या. शेतीच्या बातमीत ते युरोपचं सामाईक कृषी धोरण, घर गरम ठेवण्याच्या जाहिरातीत हीट पंप, हायड्रोजनवरच्या गाडीच्या माहितीपत्रकात फ्युएल सेल. तिन्ही स्त्रीलिंगी! ऊर्जाखात्याच्या अहवालात तर हीट पंप आणि फ्युएल सेल एकाच प्रकरणात असू शकतात. तिथे आसपासची नामं बघावी लागतात: हायड्रोजन, वाहन, मेम्ब्रेन असे शब्द जवळ असतील तर फ्युएल सेल, घर, अनुदान, बॉयलर बदलणं असं काही असेल तर हीट पंप. शिवाय लघुरूप स्वराने सुरू झालं की आर्टिकलचं लिंगच गिळलं जातं. मग विशेषणाच्या शेवटी स्त्रीलिंगी ‘ई’ आहे का ते शोधा.

सर्वांत जपून राहायचं ते वैद्यकीय कागदांत. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या कुणालाही ‘आयव्हीजी’ विचारलंत तर तो गर्भपात सांगेल. १९७५ च्या कायद्याने तो वैध झाला आणि मार्च २०२४ मध्ये त्याचं स्वातंत्र्य थेट राज्यघटनेत गेलं. पण हृदयरोग विभागाच्या डिस्चार्ज कार्डावर तीच अक्षरं हृदयाचा डावा खालचा कप्पा कमजोर पडल्याचं सांगतात, आपल्याकडचे डॉक्टर ज्याला एलव्हीएफ म्हणतात ते. रुग्ण पुरुष असेल तर प्रश्नच नाही. रुग्ण साठीची बाई असेल आणि पूर्वेतिहासात नुसतं ‘आयव्हीजी, २०१९’ असेल तर वय आणि साल जुळवून पाहा, शेजारची औषधं पाहा. लघवीचं औषध आणि इकोचा रिपोर्ट असेल तर हृदय. बाई तरुण असेल आणि ओळीच्या आधी-नंतर बाळंतपणांची संख्या असेल तर गर्भपात. आणि काहीच नसेल तर? तर अक्षरं ठेवा. विम्याच्या किंवा व्हिसाच्या फाइलमध्ये एखाद्या बाईच्या नावावर न झालेला गर्भपात तुमच्या हातून लिहिला जाणं, किंवा हृदयविकार गाळला जाणं, यातलं काहीही परवडणारं नाही.

इथेच अजून एक खोच आहे. फ्रेंचमध्ये आयव्हीजीच्या जोडीला ‘आयएमजी’ असतं. त्याचा शब्दशः अर्थ ‘गर्भावस्थेचा वैद्यकीय अंत’, म्हणजे अक्षरशः आपलं एमटीपी. पण व्याप्ती सारखी नाही. आपल्या १९७१ च्या कायद्यातलं एमटीपी हे सगळ्याच कायदेशीर गर्भपातांचं नाव आहे. फ्रान्सचं आयएमजी फक्त बाईच्या आरोग्याला गंभीर धोका किंवा गर्भात बरा न होणारा गंभीर दोष असेल तेव्हाचं. बाईने स्वतःच्या इच्छेने ठराविक आठवड्यांच्या आत केलेला तो आयव्हीजी. म्हणून मी दोन्हीपैकी कशालाही एमटीपी लिहीत नाही. ‘स्वेच्छेने केलेला गर्भपात’ आणि ‘वैद्यकीय कारणासाठी केलेला गर्भपात’ असं सरळ लिहितो.

रक्ताच्या रिपोर्टात अर्थ कळला तरी काम संपत नाही. ‘टीपी’ म्हणजे प्रोथ्रॉम्बिनची तपासणी हे कळलं की लोक खुशाल ‘पीटी’ लिहितात. पण फ्रेंच टीपी टक्क्यांत असतं, साधारण ७० ते १०० टक्के म्हणजे ठीक. आपल्या लॅबचं पीटी सेकंदांत येतं, सोबत आयएनआर हे गुणोत्तर. रक्त गोठायला वेळ लागत असेल तर टक्के खाली जातात आणि सेकंद वर जातात, म्हणजे दिशाच उलटी. त्यामुळे ‘प्रोथ्रॉम्बिन (टक्के)’ असं लिहून आकडा मूळचाच ठेवायचा, स्वतः रूपांतर करायचं नाही. रक्तदाबाचंही तसंच: फ्रेंच कागदावर ‘टीए १२/८’ दिसलं तर घाबरू नका, ते पाऱ्याचे सेंटिमीटर आहेत, आपल्या भाषेत १२०/८०. (टीए दिसलं की सरकारी नोकरीतल्या मराठी माणसाला प्रवासभत्ता आठवतो, तसंच ‘जीआर’ म्हटलं की शासन निर्णय, फ्रेंच रक्ततपासणीत जीआर म्हणजे तांबड्या पेशी.) ‘आयएम’ म्हणजे स्नायूत द्यायचं इंजेक्शन किंवा हृदयाची गळकी मायट्रल झडप. ‘आयआरए’ म्हणजे मूत्रपिंडं अचानक निकामी होणं किंवा श्वसनयंत्रणा अचानक निकामी होणं, आणि डॉक्टर मंडळी दोन्हीकडे तेच लिहितात. ‘एचटीए’ म्हणजे उच्च रक्तदाब.

पण तुमच्या हातात ट्रान्सफॉर्मरचं कोटेशन असेल तर एचटीए म्हणजे एक हजार ते पन्नास हजार व्होल्टची लाइन. आपल्याकडे वायरमनसुद्धा एचटी-एलटी म्हणतो, तेव्हा तिथे ‘एचटी’ लिहिलेलं सगळ्यांना कळतं. फक्त त्याच कोटेशनमध्ये किमतीपुढेही एचटी असतं आणि तिथे त्याचा अर्थ ‘कर सोडून’. उलट ‘टीटीसी’ म्हणजे सगळे कर धरून. एलटीला फ्रेंचमध्ये ‘बीटी’ म्हणतात. ते तसंच ठेवलंत तर विदर्भातल्या वाचकाला कापूस दिसेल.

हिशेबाचे कागद मला त्या मानाने सोपे वाटतात, कारण तिथे आकडे बोलतात. सीए म्हणजे वर्षाची उलाढाल किंवा कंपनीचं संचालक मंडळ. दोन्ही पुल्लिंगी, म्हणून आर्टिकलचा उपयोग शून्य. पण सीएपुढे रक्कम असेल तर उलाढाल, तारीख किंवा ठराव असेल तर मंडळ. आपल्याकडे सीए म्हणजे हिशेबतपासनीस, त्यामुळे मराठीत ‘सीए’ हे नुसतं ठेवायचं नाहीच. ‘सीएच्या बैठकीत ठरलं’ या वाक्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलताच माणूस येतो. ‘सीएएफ’ तर चार घरचा पाहुणा आहे. विद्यार्थ्याच्या किंवा कुटुंबाच्या उत्पन्नाच्या कागदात ती घरभाडं आणि मुलांचे भत्ते देणारी सरकारी संस्था. ताळेबंदात ती कंपनीची स्वतःच्या व्यवहारातून पैसा उभा करायची क्षमता. आयातीच्या बिलात किंवा सीमाशुल्काच्या आकडेवारीत किंमत अधिक विमा अधिक वाहतूक, आपल्या व्यापाऱ्यांचं सीआयएफ. खेळाच्या पानावर आफ्रिकेचा फुटबॉल महासंघ. रकमेच्या एककांकडेही लक्ष द्या: ‘एम’ म्हणजे दहा लाख, पण ‘एमडी’ म्हणजे मिलियार, शंभर कोटी. ‘एमडी’ बघून व्यवस्थापकीय संचालक लिहिलेलं वाक्य विनोदी होतं, तो ‘डी’ न दिसल्यामुळे हजारपट घसरलेला आकडा मात्र विनोदी नसतो.

सालाचं महत्त्व कामगार आणि कोर्टाच्या कागदांत कळतं. जुन्या वेतनचिठ्ठीतलं ‘सीई’ म्हणजे कंपनीतली कामगार समिती; २०१७ च्या सुधारणांनंतर ती जाऊन ‘सीएसई’ आली आणि १ जानेवारी २०२० पर्यंत सगळीकडे तीच झाली. म्हणून २०२३ च्या कागदात नुसतं सीई दिसलं तर दुसरा अर्थ शोधा: राज्य परिषद (तिथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय), वस्तूवरचा युरोपीय खूणशिक्का, किंवा पुढे १-२ आकडा असेल तर प्राथमिक शाळेतली इयत्ता. तसंच ‘टीजीआय’ हे न्यायालय २०१९ च्या अखेरीस नावानिशी संपलं. घटस्फोटाच्या जुन्या निकालावर ते असणारच. त्याला आजच्या न्यायालयाचं नाव देऊन ‘दुरुस्त’ करू नका.

आणि देश. क्यूबेकला शिकायला जाणाऱ्या मुलांचे पालक ‘सीएक्यू’साठी धावपळ करत असतात, ते तिथल्या प्रांताचं स्वीकृतिपत्र. मॉन्ट्रियलच्या वर्तमानपत्रात सीएक्यू हा राजकीय पक्ष, २०१८ मध्ये तो सत्तेवर आला. ‘डीईएस’ क्यूबेकमध्ये शाळा संपल्याचा दाखला, तर फ्रान्समध्ये डॉक्टरचं स्पेशलायझेशन. एवढा फरक! फुप्फुसांच्या जुनाट आजाराला, ज्याला आपण सीओपीडी म्हणतो, फ्रान्समध्ये एक लघुरूप आणि क्यूबेकमध्ये दुसरं. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच कागदात ‘एआय’ दिसलं तर कृत्रिम बुद्धिमत्ता मनातही आणू नका: ती अपंगत्व विम्याची योजना आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता फ्रेंचमध्ये ‘आयए’, आणि पशुवैद्यकाच्या कागदात आयए म्हणजे गाईचं कृत्रिम रेतन. मॉरिशसमध्ये कायदा इंग्रजीत आणि वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, त्यामुळे तिथल्या मराठी घरांत एकच कर कायद्यात व्हॅट म्हणून आणि पेपरात टीव्हीए म्हणून वाचला जातो.

फोनवर किंवा बैठकीत दुभाष्याचं काम करत असाल तर अक्षरांचे फ्रेंच उच्चार पक्के करा. ते ‘जी’ला ‘झे’ म्हणतात आणि ‘जे’ला ‘झी’. ‘आय’ला ‘ई’ म्हणतात, आणि त्यांचा ‘ई’ ऐकू येतो ‘अ’सारखा. इंग्रजी कानाने ऐकलंत तर ‘ई-व्हे-झे’चं तुम्ही ‘ईव्हीजे’ लिहून घ्याल आणि मग ते कुठल्याच यादीत सापडणार नाही. काही लघुरूपं तर शब्द होऊन बसली आहेत. किमान वेतनाच्या ‘स्मिक’वरून किमान वेतनवाला तो ‘स्मिकार’, संयुक्त राष्ट्रांच्या ‘ओनू’वरून ‘ओनुझियाँ’ हे विशेषण, सहजीवनाच्या १९९९ च्या ‘पाक्स’ करारावरून ‘पाक्से’ हे क्रियापद. हे लघुरूपांच्या यादीत शोधू नका, साध्या शब्दकोशात मिळतात.

आता मराठीत काय लिहायचं. ज्याला मराठीत आधीच रुळलेलं नाव आहे तिथे तेच: नाटो, एड्स, डीएनए, जागतिक आरोग्य संघटना, व्हॅट. ‘पीआयबी’ला जीडीपी किंवा सकल देशांतर्गत उत्पादन, ‘पीआयबीनुसार वाढ’ असं ठेवलंत तर पत्रकार मंडळी दिल्लीच्या पत्र सूचना कार्यालयाला फोन लावतील. ज्या संस्थेचं जगभर फ्रेंच नावच चालतं तिथे तेच, पण संदर्भ देऊन: एमएसएफ ही डॉक्टरांची संघटना आहे, नाहीतर मुंबईतल्या मेट्रो स्टेशनवरचे महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान आठवतात. आणि ज्या फ्रेंच संस्थेला आपल्याकडे जोडच नाही, तिथे काम सांगणारं मराठी आधी, अक्षरं नंतर कंसात, तेही पुढे परत लागणार असतील तरच. फुल फॉर्म अक्षरांशी जुळलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संघटनेची अक्षरं १९५२ च्या तात्पुरत्या परिषदेची आहेत, १९५४ मध्ये संघटना उभी राहिली तेव्हा नाव बदललं पण अक्षरं तीच राहिली. वेळेचं ‘यूटीसी’ तर इंग्रजीच्याही क्रमात बसत नाही आणि फ्रेंचच्याही, दोघांच्या तडजोडीतून निघालं.

देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे: आपल्याकडे मोठी अक्षरं नाहीत. फ्रेंच माणूस पीएसी हे ‘पाक’ असं वाचतो. तुम्ही उच्चाराप्रमाणे ‘पाकच्या अनुदानात कपात’ लिहिलंत तर मराठी वाचक सरळ पाकिस्तानात जाईल. आरईपीचा उच्चारही ते शब्दासारखा करतात आणि तो देवनागरीत कसा दिसेल हे मी लिहीत नाही, तुम्हीच म्हणून बघा. शाळांच्या यादीच्या मथळ्यावर ते छापलं जाण्याची कल्पना करवत नाही. म्हणून नियम: जे मराठीत शब्द म्हणून रुळलेलं नाही ते अक्षर-अक्षर लिहायचं, फ्रेंच माणूस कसंही वाचो.

शोधायचं कुठे? सर्वांत आधी त्याच कागदात. पहिल्या पानांवरची लघुरूपांची यादी, तक्त्याखालची बारीक टीप, पत्राचं लेटरहेड. मग त्याच संस्थेचे दुसरे कागद. त्यानंतर युरोपीय संघाचा ‘आयएटीई’ संज्ञाकोश, कॅनडा सरकारचा ‘टर्मियम’, क्यूबेकचा ‘ग्राँ दिक्स्योनेर’. यांचा फायदा हा की प्रत्येक अर्थापुढे विषय लिहिलेला असतो. यांतल्या एकातही मराठी नाही, त्यामुळे आपण इंग्रजीच्या पुलावरूनच येतो, आणि पुलावर पुन्हा संदिग्धता भेटते. इंग्रजीत नुसतं ‘ईपीआर’ दिसलं आणि मूळ फ्रेंच तुमच्या हातात नसेल, तर अणुभट्टी की कचरा हे तुम्ही कशावरून ठरवणार? इंग्रजीवरून मराठी करायला सांगितलं तरी मूळ फ्रेंच प्रत मागून घ्या.

विचारायचं कसं, तेही सांगतो. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं की उत्तर येत नाही, कारण मधल्या एजन्सीलाही ठाऊक नसतं. ‘मूळ पान ४, ओळ १२: आयआरए म्हणजे मूत्रपिंड की श्वसन? संदर्भावरून मूत्रपिंड वाटतं, कारण क्रिएटिनिन वाढलेलं आहे’ असं लिहिलं तर डॉक्टर एका शब्दात उत्तर देतो. मुदत संपेपर्यंत उत्तर नाही आलं तर हीच ओळ भाषांतरकाराची टीप म्हणून तळाशी जाते.

उलट दिशेचं, म्हणजे आपल्याकडचं फ्रेंचमध्ये न्यायचं, काम करणारे कमी आहेत, पण मागणी आहे. तिथे तुम्ही मूळ कागद लिहिणाऱ्या फ्रेंच माणसाच्या जागी असता: जे तुम्हाला उघड वाटतं ते तिकडे गूढ असतं. बायोडेटात ‘सीए’ ठेवलंत तर फ्रेंच वाचक उलाढाल समजेल. तिथल्या हिशेबतपासनिसाच्या पदाचं नाव लिहा आणि भारतातली पात्रता असा उल्लेख करा. ‘सीएम’ फ्रेंच विद्यापीठात म्हणजे वर्गातलं व्याख्यान, शाळेत म्हणजे चौथी-पाचवी. मुख्यमंत्र्यांच्या शिफारसपत्रात ते पूर्ण लिहावं लागतं. एफआयआर अक्षरं ठेवून शेजारी ‘पोलिसांकडे नोंदवलेली पहिली खबर’ असा फ्रेंच खुलासा, कारण तिकडच्या तक्रारनोंदीची कार्यपद्धती वेगळी आहे. एचएससीच्या गुणपत्रिकेवर ‘बाक’ लिहायचा मोह आवरा. फ्रान्सचं बाक म्हणजे शाळा संपल्याची परीक्षा, क्यूबेकचं बाक म्हणजे विद्यापीठाची पहिली पदवी, आणि आपलं प्रमाणपत्र यातल्या कशाच्या बरोबरीचं हे प्रवेश देणारी संस्था ठरवते. अक्षरं ठेवा, ‘महाराष्ट्र राज्य मंडळाची बारावीची परीक्षा’ असं लिहा.

जीएसटीचं बिल असेल तर ते कुठे जाणार हे आधी विचारा. कॅनडाच्या जीएसटीला फ्रेंचमध्ये ‘टीपीएस’ हे अधिकृत नाव आहे, म्हणून क्यूबेकच्या कंपनीला आपल्या बिलावर टीपीएस दिसलं तर तिचा हिशेबनीस तो कॅनडाचा कर समजून परतावा मागायला जाईल. फ्रान्सच्या कंपनीसाठी टीव्हीए लिहिलंत तर तीच अडचण युरोपच्या कराबाबत. दोन्हीकडे ‘जीएसटी’ हीच अक्षरं ठेवून पहिल्या ठिकाणी ‘वस्तू व सेवांवरचा भारतीय कर’ असं फ्रेंचमध्ये लिहा, आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी वेगवेगळे असतील तर ते वेगवेगळेच राहू द्या, बेरीज करून एक ओळ करू नका.